ओल्या महिन्यांचा इतिहास

गेल्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी आम्ही विजयदुर्गच्या घराचं कुलूप काढलं. दार पूर्ण उघडायच्या आधीच वास आला. ओलं गोणपाट, जुनं पुस्तक आणि कुजकी भाजी यांचा मिळून व्हावा तसा. माजघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत काळे-हिरवे ठिपके उठले होते. तीनच वर्षांपूर्वी दिलेला फिकट पिवळा ऑइलपेंट फोडासारखा फुगला होता. बोटाने दाबला की आतून पाणी ओघळायचं. बाबा पाच मिनिटं आत थांबले आणि खोकत बाहेर आले. त्यांना दमा आहे. त्या रात्री ते शेजारी काकांकडे झोपले.

त्या भिंतीला टेकून आजीची लोखंडी ट्रंक होती. आत दोन लुगडी, एक जर्मनचा डबा आणि आजोबांची पत्रं. आजोबा १९५८ पासून मुंबईत गिरणीत होते. १९८२च्या संपात इतर असंख्य चाकरमान्यांसारखे तेही गावी परतले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी पाठवलेली निळी आंतर्देशीय पत्रं आजीने सुतळीने बांधून ठेवली होती. त्या गठ्ठ्याची आता वीट झाली होती. कडांवर करडी लव, मधे गुलाबी डाग. सुतळी कापून पहिलं पत्र उचललं तर कागद हातात आला आणि अक्षरं खालच्या पत्राच्या पाठीला चिकटून राहिली.

मी इतिहास शिकले आहे. कागद जपायचा असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी आपल्याच घरातला जपायचा राहून गेला. त्या दिवसापासून मी बुरशीबद्दल वाचायला लागले. सुरुवातीला निव्वळ चिडून.

कोरड्या महिन्यांतले पाहुणे

विजयदुर्गला आलात तर किल्ल्यावर जालच. तिथे तुम्हाला ‘साहेबाचे ओटे’ दाखवतील आणि सांगतील, की इथे उभं राहून लॉकियरने १८६८ साली हेलियम शोधला. गावातल्या आम्हा सगळ्यांना ही गोष्ट प्रिय आहे, पण तारखा जुळत नाहीत. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. नॉर्मन लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडातच होता आणि सूर्याच्या वर्णपटावरचं त्या वर्षीचं काम त्याने तिथूनच केलं. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी.

मला यातला महिना महत्त्वाचा वाटतो. जानेवारीत इथलं आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं असतं. ऑगस्टमध्ये? आमच्याकडे ऑगस्टात कॅमेरा कपाटात ठेवलात तर लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते.

मग इतर तारखा आठवून बघितल्या. ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला तो १७५६च्या फेब्रुवारीत. बंदरातलं आंग्र्यांचं आरमार तेव्हा जळून गेलं. इंग्रजांच्या कागदांत या जागेचं नाव ‘घेरिया’, आमच्या शेजारच्या गिर्ये गावावरून आलेलं. आजचे पर्यटक येतात डिसेंबरात. म्हणजे ज्यांनी विजयदुर्गबद्दल लिहिलं, ते बहुतेक कोरड्या महिन्यांत आले आणि पावसाच्या आत निघून गेले. जून ते सप्टेंबर इथे कोण काय करत होतं, याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा याच चार महिन्यांत.

एक अपवाद आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’, १७१५च्या सुमाराचं. राजनीतीवरचा ग्रंथ म्हणून आपण ते शाळेत ऐकतो. पण त्यातलं दुर्गांचं प्रकरण वाचताना मला सारखी आजी आठवत होती. दारूचं कोठार कसं असावं, तळ चुनेगच्ची कसा करावा, दारूची मडकी जमिनीला न टेकवता माचावर कशी ठेवावीत, हे सगळं त्यात आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढून उन्हात द्यावेत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत, असंही आहे. राहत्या वाड्याच्या भिंतींत उंदीर, विंचू, मुंगी शिरेल अशी फट राहू नये, इथपर्यंत बारकावे. आरमाराने पावसाळ्याची छावणी कुठे आणि कशी करावी, तेही.

दारूतला सोरा हवेतली ओल ओढून घेतो. कोंदट कोठारातली दारू लढाईच्या दिवशी पेटणार नाही. किल्ला तटांनी जितका राखला जायचा, तितकाच या आठ-पंधरा दिवसांच्या उन्हाने.

ज्या इंग्रजी आरमाराने विजयदुर्ग जिंकला, त्याच्या वाट्याला पुढे बुरशी आलीच. १८१०मध्ये पाण्यात उतरवलेल्या ‘क्वीन शार्लट’ या बड्या युद्धनौकेचं लाकूड वर्षभरात कुजलेलं आढळलं. लाकूड खाणाऱ्या बुरशा ओळखायला जेम्स सॉवर्बी या वनस्पतींच्या चित्रकाराला बोलवावं लागलं. याउलट मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, १८१७ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. सागाच्या लाकडात बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. आंग्र्यांच्या सुतारांना ती द्रव्यं माहीत नसतील. साग टिकतो, एवढं पक्कं माहीत होतं.

चुना मरतो

आमचं घर चिऱ्याचं आहे. चिरा म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारातल्या अशाच दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कडक होतो आणि त्याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात. दिव्यातली वात तेल ओढते तसा चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो.

तरी अशा दगडाची घरं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचं एक मोठं कारण चुना. किनाऱ्यावर तो शिंपले भाजूनही करायचे. भाजलेली कळी पाण्यात टाकली की ती उकळते, फुटते आणि विरी गेलेला चुना मिळतो. हा चुना जळजळीत अल्कधर्मी असतो. त्याचा पीएच बाराच्या पुढे जातो आणि त्यात बहुतेक बुरशा तग धरू शकत नाहीत. शिवाय त्यात बुरशीला खायला काही नसतं. वाळलेल्या चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यामुळे चिऱ्याने प्यायलेलं पाणी त्यातून हवेत निघून जातं.

पण एक गोम आहे आणि ती मला या वर्षीच कळली. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत चुना हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. भिंत कडक होते, पण वरच्या थराची जळजळ संपते. बुरशीच्या दृष्टीने तो चुना मेलेला. म्हणून दरवर्षी नवा हात द्यायचा. गणपतीच्या आधी घराला सफेदी करायची ही चाल मी आजवर सणाची सजावट समजत होते. ती दुरुस्ती होती.

बागायतदारांनी हेच तत्त्व झाडावर वापरलं. पावसात सुपारीवर कोळे रोग पडतो, फळं सडून गळतात. त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. हे मिश्रण १८८५च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत मिलार्दे याने पुढे आणलं आणि सुपारीसाठी म्हैसुरात लेस्ली कोलमन याने १९१०च्या आसपास त्याचा पाठपुरावा केला. देवगड तालुक्यात तर बुरशीचं ज्ञान घरोघर आहे. हापूसच्या मोहरावर भुरी दिसली की दुसऱ्या दिवशी पंप खांद्यावर असतो. कलमावरच्या बुरशीसाठी धावणारे आम्ही, भिंतीवरच्या बुरशीवर मात्र कॅलेंडर टांगतो.

घराक माणूस होयो

आजी म्हणायची, “घराक माणूस होयो.” मला ते भावनिक वाटायचं. म्हातारी एकटी आहे, म्हणून म्हणते.

आता हिशोब मांडला. चुलीचा धूर माळ्यावर जायचा, वासे काळे व्हायचे, कोरडे राहायचे. मंगळुरी कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. ही कौलं १८६५ पासून मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात होऊ लागली आणि पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. उघडीप मिळाली की गोधड्या खळ्यात. जमिनीला शेणाचं सारवण, पावसाच्या बाजूला विणलेल्या झावळ्यांची झापं, आगोटीला कौलांची शाकारणी, वर्षाला चुना. यातलं एकही काम असं नाही, की एकदा केलं आणि संपलं. आणि यातली बहुतेक कामं बायकांची. उरलेली गावातल्या मजुरांची, ज्यांची स्वतःची घरं बऱ्याचदा गवताने शाकारलेली असायची.

पुरुष मुंबईत. पावसाळ्यात बोटी बंद. चार महिने घर आणि ओल यांच्यामध्ये एक बाई उभी.

जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. चुलीच्या त्याच धुराने आजीचे डोळे गेले. ओल तेव्हाही होती, फक्त रोज तिच्याकडे बघणारं कुणीतरी होतं. २०१६ साली आजी गेली आणि घराला कुलूप लागलं. कोकणात अशी किती घरं आहेत, तुम्ही तुमच्याच वाडीत मोजा. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ती बंद असतात, आणि सगळ्यात घट्ट बंद असतात ती ऐन पावसात.

कुलपाआडच्या या घरात आम्ही तीन वर्षांपूर्वी सिमेंट नेलं. देशात सिमेंटचं उत्पादन १९१४ साली पोरबंदरला नीट सुरू झालं, पण आमच्या आजोबांच्या काळात ते परमिटवर मिळायचं, म्हणून त्याला मान. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट म्हणजे पक्कं काम, अशी आमची समजूत. पण पाणी खालून चढायचं थांबलं नाही. त्याची बाहेर पडायची वाट तेवढी बंद झाली. ते रंगामागे साठलं. रंगातला चिकट अंश आणि त्यावरची धूळ हे बुरशीचं जेवण. पाणी आणि जेवण दोन्ही आम्ही पुरवलं, वर दार लावून घेतलं.

आजारी भिंत

भिंतीला रोग होतो ही कल्पना फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय या पुस्तकात, घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग दिसले तर काय करावं याचे नियम आहेत. याजकाने येऊन पाहावं, घर सात दिवस बंद ठेवावं, डाग पसरले असतील तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, भिंत खरवडून नवा गिलावा करावा. तरीही डाग आले, तर घर पाडावं. त्यांना बीजाणू माहीत नव्हते, पण खरवडल्याशिवाय वरून रंगवू नये हे माहीत होतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपात आर्सेनिक असलेला हिरवा रंग भिंतीवरच्या कागदांत सर्रास वापरत. ओलसर खोल्यांत लोक आजारी पडायचे. १८९०च्या दशकात बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन डॉक्टराने दाखवलं, की काही बुरशा अशा रंगातल्या आर्सेनिकपासून लसणासारखा वास येणारा विषारी वायू तयार करतात. आणि इकडे मुंबईत १८९६ला प्लेग आला, तेव्हा सरकारी पथकं चाळींतून चुना फासत आणि उजेड-वारा शिरावा म्हणून छपरं उघडत फिरली. प्लेग पसरायचा उंदरांवरच्या पिसवांमधून, त्यामुळे चुन्याने तो थांबला नाही. लोकांना आठवत राहिली ती घरात शिरलेली पथकं.

आपल्या पिढीची भीती वेगळी आहे. २०२१मध्ये ‘काळी बुरशी’ हा शब्द आपण रोज ऐकला. भिंतीवरचा काळा डाग बघून माझ्या आतेभावाने पहिला प्रश्न तोच विचारला. तो रोग म्हणजे म्युकरमायकोसिस. त्या बुरशा माती आणि कुजक्या पाल्यात सगळीकडे असतात. त्या वर्षी त्यांनी गाठलं ते मुख्यतः बेसुमार साखर आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्या कोविडच्या रुग्णांना. भिंतीच्या काळ्या रंगाशी त्या नावाचा संबंध नाही. म्हणून भिंत निरुपद्रवी ठरत नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. बाबांच्या खोकल्याला मला तेवढा पुरावा पुरेसा होता.

तीन पाणी

एका कंत्राटदाराने भिंत बघून सांगितलं, “वॉटरप्रूफ कोट मारू, पाच वर्षं बघायला नको.” बघायला नको, हेच ऐकून आम्ही मागच्या वेळी फसलो होतो. या वेळी आधी बघायचं ठरवलं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की भिंतीवरचं सगळं पांढरं बुरशी नसतं. खालच्या भागात पिठासारखं जे होतं तो लोणा. पाण्याबरोबर वर आलेले क्षार. ओल्या बोटावर तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही, फराटा उठतो. दुसरी गोष्ट: बीजाणू हवेत असतातच, ते संपवता येत नाहीत. आपल्या हातात आहे ते पाणी. आणि पाणी तीन वाटांनी येतं. वरून आलं तर गळती, डाग छताजवळ. हवेतून आलं तर घाम, डाग कोपऱ्यांत आणि कपाटामागे. खालून चढलं तर पट्टा जमिनीपासून ठरावीक उंचीपर्यंत. आमचा पट्टा कमरेपर्यंत होता. पण एकाच भिंतीला का?

उत्तर पत्रांत मिळालं.

ती वीट मी ठाण्याला नेली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये, गोठवलेल्या सुरमईच्या शेजारी. गोठवल्याने बुरशी मरत नाही, पण थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. भिजलेल्या संग्रहांसाठी ग्रंथालयंही हा उपाय वापरतात. मग दर रविवारी एकेक पत्र. मास्क लावून, गॅलरीत, टीपकागदावर सावलीत सुकवायचं आणि पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने लव झाडायची. त्रेचाळीस पत्रांपैकी एकोणीस वाचता आली.

प्रेमाची पत्रं नव्हती ती. बहुतेक सूचना आणि हिशोब. शाकारणीला किती गडी लागले, चुन्याची कळी कुणाकडून घ्यावी, मनीऑर्डर पोचली का. आणि वैशाखातल्या तीन वेगवेगळ्या वर्षांच्या पत्रांत एकच ओळ: उत्तरेकडचा चर साफ करून घे, पाणी जोत्याला लागता कामा नये.

चर? आम्ही कुणीच तो पाहिला नव्हता. काकांना फोन केला. ते म्हणाले, “होतो मा. तुमी खळा सिमेंटचा केलात तेवा बुजलो.” घराला सिमेंट करताना आम्ही अंगणही केलं होतं. अंगणाचा उतार घराकडे आला होता आणि उत्तरेची सगळी पागोळी जोत्यात मुरत होती.

दिवाळीनंतर अंगणाची ती कड फोडून चर मोकळा केला. भिंतीचा सिमेंटचा गिलावा खरवडला. त्याआधी बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यानेच पुसून काढली, कारण कोरडी घासली की बीजाणू घरभर उडतात. यूट्यूब बघून कुणी ब्लीच आणि व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर एकत्र करत असेल तर कृपा करून करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. मार्चपर्यंत भिंत उघडीच ठेवली. तरुणपणी चुन्यात काम केलेले एक वयस्कर गवंडी गावात निघाले. विरी घातलेला चुना त्यांनी कित्येक आठवडे पाण्याखाली ठेवायला लावला. आमची घाई बघून एवढंच म्हणाले, “चुन्याक घाई चलत नाय.”

शेजारच्या काकू आता दर आठ-दहा दिवसांनी घर उघडतात, उघडीप असेल तर अंथरुणं बाहेर काढतात. आज्ञापत्रातल्या हवालदाराचं काम. त्याचे पैसे आम्ही महिन्याच्या महिन्याला देतो. आजीला या कामाचे कधी कुणी दिले नव्हते. तिने आजोबांना लिहवून घेतलेली उत्तरं मुंबईच्या चाळीत कुठेतरी गेली. चर कोणत्या वर्षी कुणी साफ केला, पाऊस लवकर आला तेव्हा तिने काय केलं, हे आता कळायला मार्ग नाही.

या वर्षी जूनच्या अखेरीस मी चार दिवस लॅपटॉप घेऊन घरी राहिले. माझ्या आठवणीतला ऐन पावसातला पहिला मुक्काम. नेट नव्हतं, भिंतीला दाराजवळ वीतभर डाग होता. पुसला. ट्रंक भिंतीपासून हातभर पुढे ओढून दोन चिऱ्यांवर ठेवली. गणपतीत बाबा माजघरातच झोपले, खिडकी उघडी ठेवून.

खुंटीला एक वही टांगली आहे. पहिल्या पानावर काकूंनी त्यांच्या अक्षरात लिहिलंय: चर साफ केला, २६ मे. त्याखाली माझ्या अक्षरात: दाराजवळ डाग, वीतभर, २८ जून.